कच्च्या भाज्यांसाठी घरचे डिप : चक्का, हरभरा आणि भरीत

विकतच्या मेयोनीजची किंवा सँडविच स्प्रेडची बाटली घ्या आणि मागची घटकांची यादी वाचा. पाकिटबंद पदार्थावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी अंदाज येतो. बहुतेक वेळा सुरुवातीलाच तेल सापडेल आणि त्याच्या मागोमाग साखर, मीठ, घट्टपणासाठी स्टार्च. गाजर-काकडी खावी म्हणून ताट मांडायचं आणि प्रत्येक काडीबरोबर तेलाचा चमचा पोटात ढकलायचा, यात भाजी खाण्याचा निम्मा फायदा वाया जातो.

डिपकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्या असतात. काडी उचलली की तिला चिकटून वर येईल असा घट्टपणा, आणि कच्च्या भाजीच्या पाणचट चवीला उठाव देईल असा ठसका. बाटलीतल्या डिपमध्ये घट्टपणा तेलातून येतो आणि चव मीठ-साखरेतून. घरी घट्टपणा चक्क्यातून, शिजलेल्या कडधान्यातून किंवा भाजलेल्या भाजीच्या गरातून आणायचा. चव आंबटातून, भाजणीच्या खमंगपणातून, लसूण-मोहरी-मिरचीतून. हे एकदा हाताला बसलं की पाककृती पाहायची गरज उरत नाही.

मात्र तेल अगदी शून्यावर आणायचा अट्टहास नको. गाजर, लाल ढोबळी मिरची, टोमॅटो यांच्यातली रंगद्रव्यं, म्हणजे बीटा कॅरोटीन आणि त्याची भावंडं, स्निग्ध पदार्थाबरोबर खाल्ली तरच शरीरात नीट शोषली जातात. वाटीभर डिपला एक-दोन छोटे चमचे तेल, किंवा तेवढ्याच स्निग्धतेचे तीळ-दाणे, हे प्रमाण मला योग्य वाटतं.

पुढच्या मापांत वाटी म्हणजे २०० मिलि, मोठा चमचा १५ मिलि आणि छोटा चमचा ५ मिलि.

चक्क्याचं डिप

सुरुवात चक्क्यापासूनच करा, कारण यात बिघडण्यासारखं फार काही नाही आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना तो करता येतो.

५०० ग्रॅम ताजं, गोडसर दही घ्या. आंबट दह्याचा चक्का आणखी आंबट लागतो आणि मग तो आवरायला साखर घालावीशी वाटते. पातेल्यावर चाळणी, चाळणीत ओलं करून पिळलेलं सुती फडकं, त्यात दही. फडक्याची टोकं वर गुंडाळून त्यावर ताटली ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये सरकवा. नळाला किंवा खिडकीला टांगायची पद्धत थंडीत चालते, पण एप्रिल-मे महिन्यात बाहेर टांगलेलं दही पाणी गळेपर्यंत आंबून जातं.

श्रीखंडासाठी आपण चक्का रात्रभर टांगतो. डिपला इतका कोरडा चक्का नको. अडीच ते तीन तास पुरतात. ५०० ग्रॅम दह्याचा ३०० ग्रॅमच्या आसपास चक्का निघेल; म्हशीच्या दुधाच्या दह्याचा थोडा जास्त, गाईच्या दुधाच्या दह्याचा थोडा कमी. गळलेलं पाणी फेकू नका, कणीक मळायला किंवा कढीत वापरा. दह्यातली बहुतेक प्रथिनं चक्क्यात राहतात. पाण्याबरोबर जाते ती थोडी दुग्धशर्करा, काही क्षार आणि पाण्यात विरघळणारी थोडीफार प्रथिनं.

चक्का वाडग्यात काढून चमच्याने किंवा रवीने दोन मिनिटं घोटा. गुठळ्या मोडल्या पाहिजेत, पण मिक्सरला लावू नका. पातं फिरलं की चक्का एकदम सैल पडतो. आता गाजराची काडी बुडवून सरळ वर उचला. मनात पाच आकडे मोजेपर्यंत थेंब पडला नाही आणि काडीवर जाडसर, गुळगुळीत थर राहिला, तर डिप जमलं. थेंब पडला तर आणखी अर्धा तास गाळा. काडी आत शिरतानाच अडत असेल तर गाळलेलं पाणी एक-एक चमचा परत घाला.

मीठ मात्र वाढायच्या वेळी. आधी घातलं की त्यातली काकडी, कांदा, कोथिंबीर पाणी सोडतात आणि सकाळी घट्ट असलेलं डिप संध्याकाळी रायत्यासारखं होतं.

या घोटलेल्या चक्क्याचं काय काय करता येतं?

मेतकूट हे माझं पहिलं उत्तर. वाटीभर चक्क्यात दीड मोठा चमचा मेतकूट कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा. मेतकुटात भाजलेल्या डाळी आणि तांदूळ असतात, ते पाणी शोषून घेतात आणि डिप आपोआप घट्ट होतं. वरून छोटा चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी, तीही दोन मिनिटं निवू देऊन. तळलेली सांडगी मिरची चुरून घातलीत तर वेगळं मीठ घालूच नका, मिरचीतलंच पुरतं. काकडी आणि कोवळ्या मुळ्याबरोबर हे डिप उत्तम लागतं.

दुसरा प्रकार डब्यात असलेल्या कोरड्या चटण्यांचा. वाटीभर चक्क्याला दोन छोटे चमचे कारळ्याची, तिळाची किंवा जवसाची चटणी. इथेही चटणीत मीठ असतंच, चाखल्याशिवाय वर घालू नका. जवस कुटलेलाच हवा. अख्खा दाणा बऱ्याचदा न पचता तसाच बाहेर पडतो आणि त्यातलं ओमेगा-३ आपल्याला मिळत नाही. कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून थोडाच कुटा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा.

तिसरा प्रकार फेसलेल्या मोहरीचा. यासाठी थोडं थांबून लक्ष द्यावं लागतं. छोटा चमचाभर मोहरी खलात कोरडीच भरड कुटा, मग चमचा-दीड चमचा थंड पाणी घालून बत्त्याने घोटत राहा. आधी काहीच वास येत नाही. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं विकर (एन्झाइम) काम सुरू करतं आणि तो तयार होतो. दोन-चार मिनिटांत मिश्रण पिवळसर, फेसाळ दिसू लागतं आणि खलावर वाकलात तर वास थेट नाकात चढतो. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग चक्क्यात मिसळा आणि लिंबू सगळ्यात शेवटी पिळा. लिंबू आधी पिळलं तर झणका पुरता तयार होत नाही आणि गरम फोडणी ओतली तर तो मरतो. हे डिप गाजर आणि बिटासारख्या गोड भाज्यांसाठी ठेवा. गोडव्यावर मोहरी फार सुरेख बसते आणि मीठ अगदी चिमूटभर लागतं.

ग्रीसमध्ये काकडी-दह्याचं त्झात्झिकी करतात. तेही याच चक्क्यात होतं: एक काकडी बिया काढून किसा, किसाला चिमूट मीठ लावून दहा मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा, एक ठेचलेली लसणाची पाकळी, छोटा चमचाभर तेल, थोडं लिंबू. तिकडे त्यात घालतात ती पाला-भाजी आपल्याकडच्या शेपूच्याच जातीची. शेपूची कोवळी पानं बारीक चिरून मोठा चमचाभर घाला. एरवी शेपूला नाक मुरडणारेही हे आवडीने खातात.

हरभऱ्याचं डिप

हुमुस हा पश्चिम आशियातला, लेबनॉन-सीरिया-पॅलेस्टाइन या पट्ट्यातला पदार्थ. काबुली चणे, तिळाची पेस्ट म्हणजे ताहिनी, लिंबू आणि लसूण, एवढाच जमाव. आपल्याकडे घरी केलेलं हुमुस बहुतेक वेळा खरखरीत होतं आणि मग त्यात तेल ओतत राहतात. खरखर जाण्यासाठी तेल लागत नाही. चणा नीट शिजावा लागतो.

एक वाटी काबुली चणे भरपूर पाण्यात आठ-दहा तास भिजवा. पाणी बदलून कुकरमध्ये घाला, पाव छोटा चमचा खायचा सोडा टाका. सोड्यामुळे साल मऊ पडते. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग २० ते २५ मिनिटं मंद. कुकर उघडल्यावर एक चणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबा: तो जोर न लावता लोण्यासारखा पसरला पाहिजे. मध्ये कणी लागली तर परत शिजवा. उसळीसाठी आपण चणा जिथे थांबवतो, त्याच्या बराच पुढे त्याला न्यायचं आहे. शिजवलेलं पाणी वाटीभर बाजूला ठेवा.

ताहिनी घरी करा, सोपी आहे. अर्धी वाटी तीळ मंद आचेवर परता. दाणे फुगून एक-दोन तडतडले की लगेच ताटात काढा. लाल झाले की डिप कडवट होतं. निवल्यावर मिक्सरच्या छोट्या भांड्यात, मधे मधे थांबून कडा खरवडत, दोन मोठे चमचे तेल घालून वाटा. पांढऱ्या सोललेल्या तिळांची पेस्ट मऊ होते. सालासकट तिळांत कॅल्शियम बरंच जास्त, पण चव किंचित कडसर. मी अर्धे-अर्धे घ्यायला सांगेन.

आता क्रम महत्त्वाचा. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा; आंबटामुळे कच्च्या लसणाचा उग्रपणा बसतो. मिक्सरच्या भांड्यात आधी तीन मोठे चमचे ताहिनी आणि हा लसणाचा रस फिरवा. पेस्ट एकदम आवळून पांढुरकी होईल, घाबरू नका. दोन मोठे चमचे बर्फाचं पाणी घाला, ती परत सैल आणि हलकी होते. मग दोन वाट्या शिजलेले चणे, अर्धा छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि तीन-चार मिनिटं फिरवा. आपल्या मिक्सरची मोटर तापते, म्हणून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबा. घट्ट वाटलं तर राखून ठेवलेलं चण्याचं पाणी चमच्या-चमच्याने घाला. वरून छोटा चमचाभर तेल आणि लाल तिखट. ऑलिव्ह ऑइल नसेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल त्याच खमंगपणाने काम करतं.

थंडीत ओला हरभरा बाजारात आला की काबुली चणे बाजूला ठेवा. दोन वाट्या सोलाणे पाच-सहा मिनिटं वाफवा, थंड पाण्यात टाकून निथळा म्हणजे रंग हिरवागार राहतो. त्यात मूठभर कोथिंबीर, एक हिरवी मिरची, एक लसूण पाकळी, दोन मोठे चमचे ताहिनी किंवा चक्का, लिंबू आणि मीठ घालून वाटा. काबुलीपेक्षा हे डिप मला जास्त आवडतं. त्यात सोलाण्याचा मूळचा गोडवा असतो आणि तेलाची गरजच पडत नाही.

आणि चैत्रात आंबेडाळ आहेच. हळदीकुंकवाला करतो तीच: चार-पाच तास भिजवलेली हरभरा डाळ, किसलेली कैरी, हिरवी मिरची. फक्त नेहमीसारखी भरड न ठेवता थोडं पाणी घालून बारीक वाटायची, अर्धी वाटी चक्का मिसळायचा आणि छोटा चमचाभर तेलाची फोडणी द्यायची. डाळ कच्ची असल्याने ज्यांना ती पचत नाही त्यांच्यासाठी दहा मिनिटं वाफवून घ्या, चवीत थोडाच फरक पडतो. कैरी आंबट असेल तर लिंबू लागत नाही.

भरताचं डिप

वांगं आचेवर भाजलं की त्याचा गर मलईदार होतो आणि धुराचा वास लागतो, तोही फुकट. खानदेशातली हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी मिळाली तर तीच घ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचं कारण एकदा खाल्लं की कळतं.

वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून फुटतं. आचेवर फिरवत १२ ते १५ मिनिटं भाजा. देठाजवळचा भागही दबला पाहिजे. झाकून दहा मिनिटं ठेवा, साल काढा आणि गर चाळणीत आणखी दहा मिनिटं निथळू द्या. हे निथळणं बरेच जण टाळतात आणि मग डिप पातळ झालं म्हणतात. गर काट्याने मोडा. पाऊण वाटी गराला अर्धी वाटी चक्का, मोठा चमचाभर भाजलेल्या तिळांचा कूट, एक हिरवी मिरची ठेचून, लिंबू, आणि वरून कांद्याची पात.

लाल भोपळ्याचं भरीतही असंच. फोडी वाफवून, घोटून, चक्का आणि थोडी फेसलेली मोहरी. याला साखर लागत नाही, म्हणून मुलांना देण्यासाठी मी हे आधी सुचवेन.

दाण्यांबद्दल एक सावधगिरी. दाण्याचा कूट आणि दही यांचं डिप फार चविष्ट होतं, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. वाटीभर चक्क्याला दोन मोठे चमचे कूट पुरे. सोलापुरी शेंगाचटणी असेल तर तीच तेवढी घाला, तेलही वेगळं नको. पाहुण्यांना वाढताना त्यात दाणे किंवा तीळ आहेत हे सांगा, दोन्हींची ॲलर्जी असलेली माणसं असतात.

मीठ कसं आवरायचं

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे सगळ्या जेवणाखाण्यातलं धरून सपाट छोटा चमचाभर. वाटीभर डिपला पाव छोटा चमचा यापुढे जाऊ नका. अळणी वाटलं तर आधी लिंबू, मग भाजलेलं जिरं किंवा मिरपूड, मग भाजका लसूण असं चढत जा. भाजका लसूण म्हणजे पाकळ्या सालासकट तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर १२-१५ मिनिटं. आत गोडसर लगदा होतो. एवढं करूनही कमी वाटलं तरच मीठ. विकतच्या डिपशी तुलना करायची असेल तर लेबलवरच्या सोडियमला अडीचने गुणा, मिठाचा आकडा मिळेल.

भाज्या : कोणत्या कच्च्या, कोणत्या नाहीत

काकडीचं टोक चाखून घ्या. गाजर, काकडी, मुळा, नवलकोल यांच्या बोटाएवढ्या लांब, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या करा. पातळ काडी घट्ट डिपमध्ये मोडते. नवलकोलाची साल जाड काढा, आतला भाग कुरकुरीत आणि गोड असतो आणि तो ताटात फारच कमी वेळा दिसतो. ढोबळी मिरचीच्या रुंद पट्ट्या चमच्यासारख्या वापरता येतात. बीट वेगळ्या वाटीत, नाहीतर सगळं ताट गुलाबी.

फ्लॉवरचे तुरे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून लगेच थंड पाण्यात काढा. फरसबी कच्ची वाढू नका. या शेंगांतली लेक्टिनं, म्हणजे पोट बिघडवू शकणारी प्रथिनं, उष्णतेने निकामी होतात, म्हणून पाच-सहा मिनिटं चांगली उकळून घ्या. मोड आलेली कडधान्यं गरोदर बायका, वृद्ध आणि लहान मुलांना वाफवूनच द्यावीत, मोड येण्याच्या उबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात.

सगळ्या भाज्या कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. कोबीची बाहेरची पानं काढून टाका आणि आतलं प्रत्येक पान सुटं करून धुवा. मातीतून येणारी फितकृमीची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. कापलेल्या काड्या बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवल्या की कुरकुरीत होतात, पण वाढण्याआधी फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. ओल्या काडीवरून सगळ्यात घट्ट डिपही घसरतं.

चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराची कडक काडी देऊ नका, घशात अडकू शकते. तीच काडी मऊ होईपर्यंत वाफवून द्या.

साठवण आणि डबा

चक्क्याची डिप फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, हुमुस तीन-चार दिवस, भरीत दोन दिवस. ओलं खोबरं घातलं असेल तर त्याच दिवशी संपवा. टेबलावर दोन तासांहून जास्त नको, कडक उन्हाळ्यात तासभरच. मोठं भांडं बाहेर न काढता छोट्या वाटीत थोडं थोडं वाढा आणि उरलेलं उष्टं डिप मूळ भांड्यात परत घालू नका. सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती मोडा: तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशाच जागी बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू विष तयार करतात.

शिजवलेले काबुली चणे मात्र फ्रीझरमध्ये महिनाभर सहज टिकतात. रविवारी दोन वाट्या चणे एकदम शिजवून तीन भाग करून ठेवले की आठवड्यात दहा मिनिटांत हुमुस होतं.

डब्यासाठी चक्क्यापेक्षा हुमुस किंवा सोलाण्याचं डिप निवडा. स्टीलच्या छोट्या, घट्ट झाकणाच्या डबीत तीन मोठे चमचे डिप भरा आणि काड्या वेगळ्या डब्यात कोरड्या फडक्यात गुंडाळून द्या. डबी रात्रीच भरून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी ती थंडगार निघते. तरी डबा उघडेपर्यंत तीन-चार तास जाणार असतील तर सोबत बर्फाची पिशवी ठेवा, नाहीतर त्या दिवशी कोरडी चटणी आणि लिंबाची फोड द्या.